जागा : गर्भातल्या मेंदूतली आणि प्रयोगशाळेतली

१

मराठीत 'जागा' हा शब्द फार राबवला जातो. तो घराला लागतो, लोकलमधल्या आसनाला लागतो, नोकरीला लागतो आणि गवयाने घेतलेल्या एखाद्या नेमक्या हरकतीलाही लागतो. 'जागा निघाल्या', 'जागा भरल्या', 'जागा गोठवल्या', 'जागा रिक्त ठेवली' ही वाक्ये महाविद्यालयात काम करणाऱ्या आमच्यासारख्यांच्या कानांना इतकी सरावाची झाली आहेत, की जागा माणसाच्या आधीपासूनच कुठेतरी तयार असते आणि माणूस येऊन नुसता तीत बसतो, असे आम्ही मनोमन गृहीत धरून चालतो.

मेंदूची घडण कशी होते, त्यातल्या पेशींची परस्परांशी जोडणी कशी होते, याचा अभ्यास करणाऱ्या मुंबईतल्या प्रयोगशाळांचा इतिहास वाचू लागले की या गृहीतकाला तडे जातात. या प्रयोगशाळांतल्या महत्त्वाच्या जागा आधी नव्हत्याच. माणूस आला, त्याच्याबरोबर प्रश्न आला आणि मग जागा निर्माण झाली. पुढे मात्र याच क्षेत्रात जाहिरात, परीक्षा, मुदत आणि प्रकल्प यांचे युग आले. हा बदल का झाला, त्यात काय मिळाले आणि काय हरवले, हे या लेखात पाहायचे आहे.

मराठीच्या अध्यापकांनी या विषयात का पडावे, अशी शंका वाचकांना येईल. कनिष्ठ महाविद्यालयात विज्ञान शाखेच्या मुलामुलींनाही आम्हीच मराठी शिकवतो. मीरा-भाईंदरमधली ही मुले पुढे जीवशास्त्रात पदवी घेतात, काही एम.एस्सी. होतात, आणि भेटायला आली की विचारतात, "सर, संशोधनात जागा कशी मिळते?" त्यांना विज्ञान शिकवण्याचा अधिकार आमचा नाही. पण त्या प्रश्नाला इतिहास आहे आणि तो सांगणे आमच्या आवाक्यातले आहे.

२

आधी मेंदूतल्या जागांविषयी थोडे. गर्भावस्थेच्या अगदी आरंभी मेंदू म्हणजे एक पोकळ नळी असते. तिच्या भिंतीतल्या पेशी विभागतात, नव्या चेतापेशी जन्माला येतात, जन्मस्थान सोडून प्रवास करतात, ठरलेल्या थरात मुक्काम करतात आणि तिथून अक्षतंतू नावाचा लांब धागा बाहेर सोडतात. हा धागा कधीकधी पेशीच्या आकाराच्या हजारो पट अंतर कापून नेमक्या जोडीदार पेशीपाशी पोहोचतो. प्रौढ माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात. त्यांच्या जोडणीतून जे परिपथ तयार होतात त्यांच्या बळावर आपण वास घेतो, आठवतो, बोलतो. एवढ्या अफाट वस्तीत प्रत्येक पेशीला आपली जागा कोण दाखवतो?

स्पेनच्या रामोन इ काहाल यांनी १८९० मध्ये वाढत्या अक्षतंतूच्या टोकाशी चाचपडत पुढे सरकणारा एक फुगीर भाग पाहिला आणि या प्रश्नाची सुरुवात करून दिली. पण त्याला धार आली ती जर्मनीतल्या फ्रायबुर्ग येथे. हिल्डे मांगोल्ड या तरुण संशोधिकेने एका जातीच्या सरटीसदृश उभयचराच्या गर्भाचा एक लहानसा तुकडा दुसऱ्या जातीच्या गर्भावर नेऊन बसवला. यजमान गर्भात दुसऱ्या शरीराचा अक्षच तयार होऊ लागला. महत्त्वाचे हे, की त्या दुसऱ्या शरीराची चेतानलिका बहुतांशी यजमानाच्याच पेशींपासून बनली होती. म्हणजे त्या पेशींचे भवितव्य त्यांच्या शेजाराने ठरवले होते. ज्या तुकड्याने शेजाऱ्यांना हे वळण लावले त्याला 'ऑर्गनायझर', म्हणजे संघटक, असे नाव पडले. हा निबंध १९२४ साली मांगोल्ड आणि तिचे मार्गदर्शक हान्स श्पेमान यांच्या नावे प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी घरातल्या अपघातात भाजून हिल्डे मांगोल्ड मरण पावली, तेव्हा ती पंचवीस वर्षांची होती. श्पेमान यांना १९३५ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. जे काम त्याच्या मुळाशी होते ते एका पीएच.डी.च्या विद्यार्थिनीच्या हातचे होते.

दुसरी कथा इटलीतली. रिटा लेव्ही-मोंताल्चिनी ही तुरीनची ज्यू डॉक्टर. मुसोलिनीच्या राजवटीने १९३८ मध्ये वंशभेदाचे कायदे केले आणि ज्यू अध्यापक-संशोधकांना विद्यापीठांतून दूर केले. तिची जागा गेली. तिने राहत्या घरी झोपण्याच्या खोलीत प्रयोगशाळा मांडली आणि कोंबडीच्या अंड्यांतल्या गर्भांवर काम सुरू केले. ज्या अवयवाकडे चेतापेशींचे धागे जायचे तो अवयवच काढून टाकला तर त्या पेशी जन्म घेतात आणि मग मरतात, असे तिच्या लक्षात आले. युद्धानंतर, १९४७ मध्ये, व्हिक्टर हाम्बुर्गर यांनी तिला अमेरिकेत सेंट लुईस येथे एका सत्रापुरते बोलावले. त्या एका सत्राची तिथे जवळजवळ तीन दशके झाली. पेशींना जगवणारा जो 'चेतावर्धक घटक' तिने तिथे शोधला, त्यासाठी तिला स्टॅन्ली कोहेन यांच्यासह १९८६ मध्ये नोबेल मिळाले.

या दोन कथा विज्ञानाच्या पुस्तकात पेशींविषयी म्हणून येतात. आम्हांला त्या जागांविषयीच्याही वाटतात. एकीच्या कामाचा मान तिच्या जागेपेक्षा वरच्या जागेवर गेला. दुसरीची जागा राज्यसत्तेने काढून घेतली, आणि पुढे एका माणसाने पाठवलेल्या मोजक्या मुदतीच्या बोलावण्याने ती परत दिली.

३

आता मुंबईकडे येऊ. टाटा मूलभूत संशोधन संस्था १९४५ मध्ये स्थापन झाली ती मुख्यतः भौतिकी आणि गणित यांसाठी. तिचे संस्थापक होमी भाभा यांची एक धारणा होती. आधी विभाग, मग पदे, मग उमेदवार असा क्रम त्यांना मान्य नव्हता. कर्तबगार माणूस आधी शोधावा आणि त्याच्याभोवती विभाग उभा राहू द्यावा, असे ते मानत. हे तत्त्व त्यांचे एकट्याचे नव्हते. जर्मनीतल्या कैसर विल्हेल्म संस्थेच्या परंपरेतून ते आले होते आणि भाभा त्याचा उघड उल्लेख करीत.

या तत्त्वाची जीवशास्त्रातली कसोटी १९६२ मध्ये लागली. ओबेद सिद्दीकी हे उत्तर प्रदेशातल्या बस्तीचे. अलीगढला वनस्पतिशास्त्र, मग ग्लासगोला गिदो पोन्तेकोर्वो यांच्याकडे अनुवंशशास्त्रात डॉक्टरेट, त्यानंतर अमेरिकेत ॲलन गॅरेन यांच्यासमवेत जीवाणूंवर संशोधन. त्यांचे नाव भौतिकशास्त्रज्ञ लिओ झिलार्ड यांनी भाभांना सुचवले आणि भाभांनी त्यांना मुंबईस बोलावून घेतले. भौतिकी आणि गणिताच्या त्या संस्थेत रेण्वीय जीवशास्त्राचा गट असा एका माणसाच्या येण्याने सुरू झाला. आज एखाद्या महाविद्यालयात नवा विषय सुरू करायचा तर किती प्रस्ताव आणि किती मंजुऱ्या लागतात, हे आम्ही रोज पाहतो. त्यामुळे या घटनेतले साहस आम्हांला अंमळ जास्तच जाणवते.

सिद्दीकी यांनी जीवाणूंवर सुरुवात केली आणि सत्तरच्या दशकात ते फळमाशीकडे वळले. पिकलेल्या केळ्याभोवती घोंघावणारी ही बारीक माशी. तिचे पिल्लू दहा-बारा दिवसांत प्रौढ होते, मक्याचे पीठ, साखर, यीस्ट आणि अगर यांच्या खळीवर ती बाटलीत सुखाने राहते आणि तिच्या जनुकांत बदल घडवून आणणे सोपे असते. तापमान वाढवले की लुळ्या पडणाऱ्या आणि थंड केले की पुन्हा चालू लागणाऱ्या उत्परिवर्तित माश्यांवर सिद्दीकी आणि कॅल्टेकचे सेमूर बेन्झर यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केलेला निबंध चेतासंस्थेच्या अनुवंशशास्त्रात महत्त्वाचा मानला जातो. एका जनुकातला बिघाड चेतापेशींच्या संदेशवहनात कसा उमटतो, हे अशा माश्यांमुळे तपासता येऊ लागले.

४

याच सुमारास या प्रयोगशाळेत आलेल्या एका विद्यार्थिनीची कथा या लेखाच्या केंद्रस्थानी आहे. व्हेरोनिका रॉड्रिग्ज हिचा जन्म १९५३ मध्ये केनियात झाला. आईवडील मूळचे गोव्याचे. गोव्यातून पोटापाण्यासाठी पूर्व आफ्रिकेत गेलेल्या असंख्य कुटुंबांपैकी ते एक. शालेय शिक्षण केनियात झाल्यावर ती युगांडातल्या मॅकेरेरे विद्यापीठात गेली. त्या सुमाराचा युगांडा म्हणजे इदी अमीनचा; १९७२ मध्ये त्याने आशियाई वंशाच्या हजारो लोकांना देशाबाहेर काढले. व्हेरोनिकाने पुढचे शिक्षण डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात घेतले आणि १९७६ मध्ये ती सूक्ष्मजीवशास्त्राची पदवीधर झाली. सिद्दीकी यांचे जीवाणूंवरचे संशोधन तिच्या वाचनात आले होते. त्याने भारून १९७७ मध्ये ती पीएच.डी.साठी कुलाब्याच्या संस्थेत दाखल झाली.

पूर्वजांच्या मुलखाशी तिचे नाते होते, पण मुंबई तिला परकीच होती. आयर्लंडमध्ये पदवी घेतलेली मुलगी उच्च शिक्षणासाठी भारतात येते, हा प्रवास त्या काळच्या ओघाच्या उलट दिशेने होता. तिला खेचून आणणारी गोष्ट एकच, छापलेले संशोधन. आणि ती आली तेव्हा ज्या जीवाणूंसाठी आली त्यांच्याऐवजी प्रयोगशाळेत माश्या होत्या!

पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. माशीला वास कसा कळतो, हा प्रश्न त्या काळी जवळजवळ अस्पर्श होता. इंग्रजी 'वाय' अक्षराच्या आकाराची नळी घ्यायची, एका फाट्यात वास ठेवायचा, दुसऱ्यात ठेवायचा नाही, आणि माश्या कुठे जातात ते मोजायचे. ज्या माश्यांना विशिष्ट वास कळतच नाही त्या वेगळ्या काढायच्या आणि त्यांची जनुके तपासायची. रॉड्रिग्ज आणि सिद्दीकी यांचा या विषयावरचा निबंध १९७८ मध्ये भारतातल्याच नियतकालिकात छापला गेला. साधने म्हणावीत तर नळी, बाटल्या आणि कुंचला. पण प्रश्न बरोबर होता.

डॉक्टरेटनंतर ती जर्मनीत ट्युबिंगेनच्या माक्स प्लांक संस्थेत गेली. तिथे एरिश बुखनर यांच्यासह १९८४ मध्ये तिने दाखवून दिले, की निरनिराळे वास माशीच्या मेंदूतल्या वासाच्या केंद्रात निरनिराळ्या ठिकाणी हालचाल उठवतात. म्हणजे मेंदूत वासाचा नकाशा असतो. गंध टिपणाऱ्या ग्राहक प्रथिनांची जनुके रिचर्ड ॲक्सेल आणि लिंडा बक यांनी १९९१ मध्ये शोधली आणि त्यांना २००४ मध्ये नोबेल मिळाले. त्याआधी सात वर्षे हा नकाशा काढण्याचे काम झाले होते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या कामाचे मोल कळते.

मुंबईस परतल्यावर तिने प्रश्नाला आणखी एक वळण दिले. नकाशा असतो हे ठीक. पण तो बनतो कसा? कोशावस्थेतल्या माशीच्या शृंगिकेवर चेतापेशी जन्मतात कुठून, कोणता संवेदक कुठल्या प्रकारचा व्हायचा हे कोणती जनुके ठरवतात, त्यांचे धागे मेंदूतल्या सुमारे पन्नास गोलकांपैकी आपापल्या गोलकापर्यंत वाट कशी काढतात? मेंदूतल्या परिपथाच्या घडणीचा हा अभ्यास तिच्या विद्यार्थ्यांच्या पिढ्यांनी पुढे नेला. दरम्यान सिद्दीकी यांच्या पुढाकाराने बंगळूरमध्ये राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र उभे राहिले आणि नव्वदच्या दशकाच्या आरंभी अनेक सहकारी तिकडे गेले. के. विजयराघवन त्यांच्यापैकीच. ते पुढे २०१८ ते २०२२ या काळात केंद्र सरकारचे प्रमुख वैज्ञानिक सल्लागार होते. रॉड्रिग्ज मात्र कुलाब्यात राहिली, तिथल्या जीवविज्ञान विभागाची प्रमुख झाली, आणि आयुष्याच्या अखेरच्या काही वर्षांत बंगळूरला गेली. कर्करोगाशी झुंजत ती काम करीत होती. १० नोव्हेंबर २०१० रोजी तिचे निधन झाले. सिद्दीकी २०१३ मध्ये, एका रस्ता अपघातानंतर, गेले.

रॉड्रिग्जला मिळालेली जागा कोणत्या जाहिरातीत बसली असती? पूर्व आफ्रिकेत वाढलेली, आयर्लंडची पदवीधर, जीवाणूंसाठी आलेली आणि माश्यांकडे वळलेली. 'आवश्यक अर्हता' या सदरात तिचे अर्धे आयुष्य मावले नसते.

५

तिसऱ्या पिढीतले एक नाव मराठी वाचकांना परिचयाचे आहे. शुभा टोळे यांचा जन्म १९६७ चा, मुंबईचा. सेंट झेवियर्स कॉलेजात शिक्षण, कॅल्टेकमध्ये डॉक्टरेट, शिकागोत एलिझाबेथ ग्रोव्ह यांच्याकडे पुढचे संशोधन, आणि १९९९ मध्ये कुलाब्यात स्वतःची प्रयोगशाळा. येथे माशीऐवजी उंदीर आला. उंदराचा गर्भ आईच्या पोटात जेमतेम एकोणीस-वीस दिवस असतो आणि मेंदूचे आराखडे त्यातल्या मधल्या थोड्या दिवसांत ठरतात.

टोळे यांच्या गटाने अमेरिकेतल्या एडविन मोनुकी यांच्या गटासह २००८ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात मांगोल्डच्या संघटकाचा धागा पुन्हा हाती येतो. मेंदूच्या वरच्या सालीला, म्हणजे कॉर्टेक्सला, लागून गर्भात एक चिंचोळी पट्टी असते. तिला 'हेम' म्हणतात. हे संस्कृतातले हेम नव्हे; वस्त्राची किनार या अर्थाचा तो इंग्रजी शब्द आहे. एल-एच-एक्स-टू या नावाचे जनुक काही पेशींतून काढून टाकले, तर त्या पेशी कॉर्टेक्स होण्याचे सोडून किनार होतात. आणि अशी किनार जिथे जिथे तयार होते, तिथे तिथे तिच्या शेजारच्या पेशी स्मृतीशी निगडित असलेला हिप्पोकॅम्पस हा भाग बनवू लागतात. एकाच मेंदूत ठिकठिकाणी जादा हिप्पोकॅम्पस उगवलेले या निबंधातून जगाने पाहिले. किनार हीच हिप्पोकॅम्पसची संघटक असल्याचे असे सिद्ध झाले.

यात आणखी एक बारकावा आहे. हे सगळे घडते ते जनुक फार लवकर काढले तरच. गर्भाच्या सुमारे दहाव्या दिवसानंतर तेच जनुक काढले तर पेशी किनार होत नाहीत. त्यांची ती वेळ निघून गेलेली असते. याच गटाने २०१३ मध्ये दाखवले, की उंदराच्या प्रत्येक मिशीसाठी मेंदूत जो स्वतंत्र पेशीपुंज असतो, तो नीट घडण्यासाठीही कॉर्टेक्समध्ये हेच जनुक लागते. आधी पेशी काय व्हायचे ते ठरते, मग ती कोणाशी जोडली जायची ते.

अशा एका निबंधामागे कोणती कामे असतात, हे जागा शोधणाऱ्या मुलांना ठाऊक असावे. उंदरांच्या जोड्यांची नोंदवही ठेवणे, गर्भाचा दिवस मोजणे, शेपटीच्या तुकड्यातून जनुक तपासणे, मेंदूचे कागदाहून पातळ काप घेणे, ते रंगवणे, सूक्ष्मदर्शकाखाली तासन्‌तास पाहणे, आणि जे दिसले ते आपल्याला हवे म्हणून दिसले की खरेच आहे, याची पुनःपुन्हा शहानिशा करणे. ही कामे मोठ्या संख्येने करतात ते पीएच.डी.चे विद्यार्थी आणि प्रकल्प साहाय्यक. निबंधाच्या शिरोभागी असलेल्या नावांच्या लांबलचक ओळीत ते भेटतात.

६

भाभांच्या तत्त्वाचा आम्ही येथवर गौरव केला. आता त्याची दुसरी बाजू पाहिली पाहिजे, कारण एरवी हा लेख गतकाळाची आरती होऊन बसेल.

माणूस शोधून त्याच्याभोवती जागा निर्माण करायची, तर शोधणाऱ्याला माणूस दिसायला हवा. झिलार्ड यांनी सुचवल्यामुळे सिद्दीकी भाभांना दिसले. रॉड्रिग्जला डब्लिनच्या शिक्षणामुळे ते निबंध वाचायला मिळाले. ज्यांना सुचवणारे कोणी नव्हते, ज्यांच्या महाविद्यालयात ते नियतकालिक येतच नव्हते, ती माणसे या इतिहासात नाहीत. किती होती हेही सांगता येणार नाही. पारखी नजरेवर चालणारी व्यवस्था त्या नजरेच्या कक्षेबाहेरच्यांना न्याय देऊ शकत नाही. ओळख-वशिल्याचा प्रादुर्भाव व्हायला तिथे जागा असते, आणि महाविद्यालयीन नेमणुकांच्या जगात वावरलेल्या आमच्यासारख्यांना ते वेगळे सांगायला नको.

जाहिरात, प्रवेश परीक्षा, नेटची कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती, आरक्षण या गोष्टी यावर उतारा म्हणून आल्या. देशात कुठेही असलेल्या मुलीला परीक्षेला बसता यावे, हे लोकशाहीला शोभणारे आहे. टाटा संस्थेला २००२ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, पीएच.डी.चा प्रवेश देशव्यापी परीक्षा आणि मुलाखत यांतून होतो. या वाटेने आलेल्या विद्यार्थ्यांनीच वर सांगितलेले कितीतरी काम केले आहे.

पण दाराशी समता आली तरी आत गेल्यावर स्थैर्य आलेच असे नाही. विज्ञानाचा पैसा हळूहळू प्रकल्पांच्या वाटेने येऊ लागला. तीन किंवा पाच वर्षांचे अनुदान, त्यात एक-दोन साहाय्यकांच्या जागा. जाहिरातीत 'पूर्णतः तात्पुरती', 'प्रकल्पाच्या मुदतीपुरती', 'नियमित नेमणुकीचा हक्क सांगता येणार नाही' ही वाक्ये ठरलेली. उंदरांची पैदास करून, जनुके तपासून, पहिले खात्रीचे चित्र हाती यायला दोन वर्षे सहज जातात. प्रश्नाची मुदत आणि जागेची मुदत यांचा मेळ बसत नाही तेव्हा भुर्दंड पडतो तो साहाय्यकाला.

शिष्यवृत्तीच्या रकमेची कथा तशीच. केंद्राची कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती २०१४ मध्ये दरमहा १६,००० रुपयांवरून २५,००० रुपये झाली, २०१९ च्या जानेवारीपासून ३१,००० आणि २०२३ च्या जानेवारीपासून ३७,००० रुपये झाली. २०१४ आणि २०१९ या दोन्ही वाढींच्या आधी देशभरच्या संशोधक विद्यार्थ्यांना प्रयोग सोडून निदर्शने करावी लागली होती. ज्या मुलाच्या कमाईकडे घर डोळे लावून बसले आहे, त्याच्या घरी पंचविशी उलटल्यावरही 'शिकतोय' हे उत्तर किती वर्षे चालेल, हा प्रश्न विज्ञानाच्या धोरणाचाच भाग आहे, असे आम्हांला वाटते.

७

मोह होतो, की पेशींच्या गोष्टीतून माणसांसाठी बोध काढावा. तो बेताने काढावा. गर्भात गरजेपेक्षा कितीतरी अधिक चेतापेशी जन्मतात आणि ज्यांना पोषक घटक पुरेसा मिळत नाही त्या मरतात, हे लेव्ही-मोंताल्चिनी यांच्या कामातून कळले. त्यावरून जागा कमी आणि उमेदवार फार हा निसर्गनियमच आहे, असे कोणी म्हणू लागला तर तो विज्ञानाचा गैरवापर होईल. पेशीला घर नसते, तिच्यावर कर्ज नसते. माणसांच्या जागा अंदाजपत्रकातून ठरतात आणि अंदाजपत्रक माणसेच करतात.

तरी एक गोष्ट आम्हांला सोडवत नाही. कोण काय होणार हे शेजार ठरवतो, आणि तो शेजार वेळेत लाभावा लागतो. भाईंदर ते चर्चगेट हे अंतर सुमारे ४३ किलोमीटर. पुढे बेस्टच्या बसने नेव्ही नगरचे टोक. आमच्या मुलांच्या मनात हे अंतर याहून फार मोठे आहे. त्या संस्थेत आपल्यासारख्यांनी जायचे असते, हे त्यांना कळते तेव्हा एम.एस्सी.चे दुसरे वर्ष संपत आलेले असते. अकरावी-बारावीपासून मुलांना हेरून त्यांना शिष्यवृत्ती देणारी 'किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजना' १९९९ मध्ये सुरू झाली होती. ती २०२२ मध्ये बंद करून दुसऱ्या योजनेत विलीन करण्यात आली. टाटा संस्थेने २००९ पासून 'चाय अँड व्हाय?' या नावाने जुहूच्या पृथ्वी थिएटरात आणि पुढे माटुंग्याच्या रुपारेल महाविद्यालयात रविवारची विज्ञान-व्याख्याने सुरू केली, हे चांगलेच झाले. परीक्षेचे दडपण नसताना शास्त्रज्ञाला प्रश्न विचारता येणे, हाही एक शेजारच. तो माटुंग्याच्या उत्तरेस, दहिसरच्या खाडीपलीकडेही यावा अशी आमची इच्छा आहे.

आणि भाषेचे काय? चेतापेशी, अक्षतंतू, परिपथ हे शब्द आमच्याकडे आहेत. ते शालेय पुस्तकांत राहतात आणि बारावीनंतर मुलांची साथ सोडतात. प्रयोगशाळेची भाषा इंग्रजी आहे आणि ती राहील. त्याविषयी तक्रार करण्यात अर्थ नाही. पण सिद्दीकी, रॉड्रिग्ज, टोळे यांच्या कामाविषयी मराठीत मुबलक लिहिले गेले असते, तर आमच्या मुलांना ते काम सोळाव्या वर्षी कळले असते. ही उणीव विज्ञानवाल्यांची नाही, ती आमच्यासारख्या मराठीवाल्यांच्या वाट्याची आहे. मराठीच्या तासाला निबंधासाठी 'विज्ञान : शाप की वरदान' हा विषय आणखी किती वर्षे द्यायचा? त्याऐवजी माशीला वास कसा कळतो, हे गोव्याच्या एका कुटुंबातली मुलगी केनिया, युगांडा, आयर्लंड असा वळसा घालून मुंबईत येऊन कसे शोधते, हे सांगायला काय हरकत आहे?

विचारणाऱ्या मुलांना आम्ही सध्या दोन गोष्टी सांगतो. परीक्षेचा अर्ज वेळेवर भरावा, कारण ते दार सर्वांसाठी उघडे आहे. आणि त्याच्या आधी, ज्या प्रयोगशाळेत जायचे तिथला किमान एक निबंध समजेपर्यंत वाचावा, त्यातून एक खरा प्रश्न काढावा आणि तो प्रश्न घेऊन तिथल्या माणसाला पत्र लिहावे. दहातली नऊ पत्रे अनुत्तरित राहतील. दहाव्याने काय होते, ते १९७७ साली कुलाब्यात आलेल्या त्या मुलीच्या चरित्रात पाहायला मिळते.